मूर्खांच्या जहाजातला पहिला प्रवासी

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे टाइमटेबलमधला शेवटचा तास, तोही अर्धा झोपेत. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. तरी मराठी विभागातच लिहायचं ठरवलं, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याच्यासाठी नेमका शब्द मला इंग्रजीत सापडेना. मराठीत तो आजीच्या तोंडी रोज असतो. पढतमूर्ख!

आजी दासबोध वाचते. समर्थांनी दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि दहाव्या समासात पढतमूर्खाची वेगळी सांगितली. म्हणजे साधा मूर्ख निराळा आणि शिकून सवरून झालेला मूर्ख निराळा. मी सुट्टीत घरी गेले आणि पुस्तकांचं ओझं कॉटवर टाकलं की आजी हा शब्द हळूच वापरते. मला तो लाडाचा वाटायचा. गेल्या सेमिस्टरला त्याचा अर्थ कळला, आणि तोही एका जर्मन बोलणाऱ्या माणसाकडून, जो समर्थांच्या जन्माआधी ८७ वर्षं वारला होता.

त्याचं असं झालं. टी.ई.ला सेमिनार असतो. मी विषय घेतला इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा इतिहास (सोपा वाटला म्हणून घेतला, खोटं कशाला बोलू). शोधता शोधता न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर सापडला. या गृहस्थाने १५२५ साली कंपास आणि पट्टीने मापं कशी घ्यावीत यावर एक पुस्तक छापलं. त्यात शंकूचा तिरका छेद प्लॅन आणि एलिव्हेशन टाकून काढलाय, अगदी आपण एफ.ई.ला शीटवर काढायचो तसा. गंमत म्हणजे ड्यूररची एलिप्स चुकली आहे! शंकू खाली रुंद होत जातो, म्हणजे छेदही खाली रुंद होणार असं त्याला वाटलं आणि लंबवर्तुळाऐवजी अंडं तयार झालं. एवढ्या मोठ्या माणसाची शीट चुकलेली बघून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग त्याची तरुणपणची कामं चाळत बसले. त्यात लाकडी ठशाचं एक चित्र आलं. एक माणूस टेबलापाशी बसलाय. नाकावर चष्मा. समोर, बाजूला, खाली नुसती पुस्तकं. हातात पिसांचा झाडू आणि त्याने तो पुस्तकांवरच्या माशा हाकलतोय. वाचत मात्र नाहीये. पाठीवर लोंबतेय गाढवाच्या कानांची, घुंगरांची टोपी, म्हणजे त्या काळचा मूर्खाचा युनिफॉर्म.

त्याच आठवड्यात आमचा रिझल्ट लागला होता. एम-थ्रीला केटी. घरी अजून सांगितलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर 'एम-थ्री' नावाचं फोल्डर होतं. त्यात सतरा पीडीएफ, चार लेखकांची पुस्तकं, सीनिअरच्या नोट्स आणि दहा वर्षांचे पेपर. सगळं नीट नावं देऊन, क्रमाने लावलेलं. उघडलेल्या फाइल्स दोन. चित्रातला माणूस माशा हाकलत होता आणि मी फोल्डर आवरत होते. मला त्या चित्राचा रागच आला. हे कोणी लिहिलं बघू तरी, म्हणून शोधायला गेले आणि सेबास्टियन ब्रांट भेटला.

ब्रांटचा जन्म स्ट्रासबुर्गचा, साल १४५७ किंवा ५८. आज हे शहर फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मन साम्राज्यात होतं. त्याच्या जन्माच्या दोन-तीन वर्षं आधीच माइन्त्सला गुटेनबर्गचं बायबल छापून झालं होतं. म्हणजे आपण जसे इंटरनेटबरोबर वाढलो तसा हा छापखान्याबरोबर वाढला. वडील सराय चालवायचे. तो साधारण दहा वर्षांचा असताना, १४६८ साली, वडील गेले. आईने वाढवलं. १४७५ मध्ये तो स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बाझेल शहरात शिकायला गेला. तिथलं विद्यापीठ १४६० चं, म्हणजे अगदी नवीन. तिथे तो आधी पदवीधर झाला, मग कायद्याकडे वळला. १४८९ साली चर्चचा कायदा आणि रोमन कायदा या दोन्हींचा डॉक्टर झाला आणि पुढे कायदा विभागाचा डीनही झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑल क्लिअर, टॉपर, आणि मग त्याच कॉलेजात फॅकल्टी.

पण तो नुसता शिकवत बसला नाही. बाझेलमध्ये छापखाने जोरात होते आणि त्यांना लॅटिन जाणणारा माणूस हवा असायचा. ब्रांट त्यांच्यासाठी हस्तलिखितं तपासायचा, प्रुफं वाचायचा, प्रस्तावना लिहायचा. एका पानात मजकूर किती बसतो, चित्र कुठे टाकलं की डोळा आधी तिकडे जातो, हे तो तिथेच शिकला असणार.

हे त्याने चांगलं वापरलं. ७ नोव्हेंबर १४९२ ला बाझेलपासून फार लांब नसलेल्या एन्सिसहाइम गावाजवळच्या शेतात आकाशातून एक दगड पडला. वजन सुमारे १२७ किलो. ब्रांटने लगेच एका कागदावर वरती चित्र आणि खाली लॅटिन व जर्मन कविता असं पत्रक छापून काढलं. दगड पडला ही बातमी त्याने बरोबर दिली. त्या उल्केचा मोठा तुकडा आजही एन्सिसहाइमला जपून ठेवलेला आहे. पण अर्थ काय लावला, तर हा देवाचा संकेत आहे, राजा मॅक्सिमिलियनने फ्रेंचांशी लढावं! निरीक्षण पक्कं आणि निष्कर्ष गडबडलेला. लॅबच्या जर्नलमध्ये आपलं नेहमी जे होतं तेच.

आता मुख्य गोष्ट. लेंटचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होण्याआधी खाऊनपिऊन, सोंगं काढून धिंगाणा घालायची पद्धत युरोपात होती. शाळेत सिस्टरांनी लेंट शिकवला होता, हा धिंगाणा मात्र मला गोव्याच्या कार्निव्हलमुळे माहीत. त्याच सणाला, १४९४ मध्ये, बाझेलच्या योहान बेर्गमन या प्रकाशकाने ब्रांटचं पुस्तक बाहेर काढलं. नाव 'दास नारेनशिफ', म्हणजे मूर्खांचं जहाज. सणात लोक हौसेने मूर्खाची टोपी घालून फिरायचे. ब्रांटचं म्हणणं, टोपी सणापुरती नाही, बारा महिने डोक्यावर आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही.

पुस्तकात ११२ प्रकरणं आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात एकेका जातीचा मूर्ख. सगळे जहाजात बसून मूर्खांच्या देशाला निघालेत. लेआउट ठरलेला. वरती दोन-चार ओळींचं बोधवाक्य, खाली चित्र, मग कविता. बरीच प्रकरणं ३४ ओळींची, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांत गोष्ट संपते. शिवाय ब्रांट लॅटिनचा पंडित असूनही त्याने हे लिहिलं बोलीच्या जर्मनमध्ये. आणि ज्याला वाचता येत नाही त्याने चित्र बघावं, त्यात आपलं तोंड दिसेल, असं प्रस्तावनेत सांगून ठेवलं. हा मूर्खांसाठीचा आरसा आहे, असं तो स्वतःच म्हणतो.

चित्रं शंभराहून जास्त. ती व्हायची कशी, ते आपल्या वर्कशॉपवाल्यांना पटकन कळेल. सपाट लाकडी ठोकळ्यावर चित्र काढायचं. मग जी रेघ छापून यायला हवी ती सोडून बाकीचं लाकूड सुरी आणि पटाशीने कोरून काढायचं. उरलेल्या उंच रेघांवर शाई लावायची आणि कागद दाबायचा. ठोकळ्याची उंची शिशाच्या खिळ्यांएवढी ठेवली की चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापून होतो. चित्र उलटं उमटतं, म्हणून ठोकळ्यावर डावं उजवं बदलून काढायचं. एक रेघ चुकून उडाली की ती परत जोडता येत नाही. इथे अन्डू नाही. काढणारा एक आणि कोरणारा बहुधा दुसराच.

काढणारे एकाहून जास्त होते. सही कोणाचीच नाही. पण बहुतेक अभ्यासक मानतात की सुमारे दोन तृतीयांश चित्रं त्या वेळी कामाच्या शोधात बाझेलला आलेल्या ड्यूररची आहेत. ड्यूरर १४७१ चा. म्हणजे ही चित्रं काढताना पोरगा एकवीस-बावीसचा! आपल्या बी.ई.च्या वयाचा. एकीकडे पस्तिशीचा कायद्याचा डॉक्टर आणि दुसरीकडे पाठीवर पिशवी टाकून फिरणारा कारागीर मुलगा, अशा दोघांनी मिळून अख्ख्या जगाला टोप्या घातल्या.

काही मूर्खांची ओळख करून देते, बघा कोणी ओळखीचं वाटतं का. एकाने इमारत बांधायला काढली पण खर्चाचा अंदाजच केला नाही, आता तो अर्धवट बांधकामापाशी उभा आहे (सिव्हिलवाल्यांनो, एस्टिमेशनचा पेपर सोपा नसतो तो उगाच नाही). एक मूर्ख हातात कंपास घेऊन पृथ्वी मोजतोय. एक भर उन्हात टोळ राखत बसलाय आणि दुसरा विहिरीत पाणी ओततोय. हे दोघे म्हणजे बायकोवर पहारा ठेवणारे नवरे. जी नीट वागणार तिला राखण लागत नाही आणि बाकीचीला राखणीचा उपयोग नाही, असा त्याचा हिशोब. आमच्या लेडीज हॉस्टेलच्या गेटची वेळ ठरवणाऱ्यांना मी हे चित्र दाखवणार होते, पण अजून एक वर्ष इथे राहायचं आहे.

आणि कावळेवाला मूर्ख! त्याच्या डोक्यावर एक कावळा आणि दोन्ही हातांवर एकेक. आपला कावळा काव काव करतो, ब्रांटचा 'क्रास, क्रास' करतो. लॅटिनमध्ये क्रास म्हणजे उद्या. हा मूर्ख म्हणजे सुधारणा उद्यावर ढकलणारा. सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या मजल्यावर प्रत्येकीच्या डोक्यावर तीन-तीन कावळे असतात. हा लेख द्यायची तारीखही मी दोनदा पुढे ढकलली, संपादक मंडळी साक्षीला आहेत.

पण मला खरं लागलं ते सत्ताविसावं प्रकरण, निरुपयोगी शिक्षणाचं. मुलं लायप्झिग, एरफुर्ट, व्हिएन्ना, हायडेलबर्ग, माइन्त्स, बाझेल अशी विद्यापीठं फिरतात, भलत्याच गोष्टींत वेळ घालवतात आणि शेवटी मान खाली घालून घरी येतात. पैसे संपलेले असतात. मग छापखान्यात काम मिळालं किंवा सरायीत दारू वाढायला ठेवलं तरी खूश. वरवर ही नापास मुलांची टिंगल आहे. पण लिहिणारा कोण ते आठवा. सरायवाल्याचा मुलगा. छापखान्यात प्रुफं वाचणारा. बाझेलचा विद्यार्थी. ज्या दोन नोकऱ्यांची तो टिंगल करतो त्यातली एक त्याच्या वडिलांच्या धंद्यातली आणि दुसरी त्याची स्वतःची! ही टिंगल लांब उभं राहून केलेली नाही, असं मला वाटलं. जरा इकडे-तिकडे झालं असतं तर आपणही तिथेच असतो, हे त्याला माहीत असणार.

पुस्तक तुफान चाललं. इतकं की त्याच वर्षी न्यूरेंबर्ग, आउग्सबुर्ग, रॉइटलिंगेन इथल्या छापखान्यांनी न विचारता आपापल्या प्रती काढल्या. कॉपीराइट नव्हताच. स्ट्रासबुर्गच्या आवृत्तीत तर कोणीतरी आपल्या पदरच्या कविता घुसडल्या. ब्रांट इतका चिडला की १४९९ च्या आवृत्तीत त्याने त्याविरुद्ध निषेध छापला. १४९७ मध्ये त्याचा शिष्य याकोब लोखर याने लॅटिन भाषांतर केलं आणि पुस्तक युरोपभर गेलं. इंग्रजीत ते १५०९ साली आलं. गायलर नावाच्या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये त्यावर प्रवचनंच दिली.

इथे एक कबूल करायला हवं. ब्रांट प्रत्येक बाबतीत शहाणा नव्हता. वाईट बायकांवर त्याने आख्खं प्रकरण लिहिलंय, ते वाचताना मी दोनदा पुस्तक बंद केलं. जग मोजायला निघणाऱ्यांना त्याने मूर्खांत बसवलं, पण त्याच १४९४ साली त्याच बेर्गमनने कोलंबसचं नव्या बेटांबद्दलचं पत्र छापलं आणि त्यात ब्रांटची कविता होती. 'मूर्खांच्या जहाजा'तही त्या नव्या बेटांचा उल्लेख आहे. म्हणजे नवीन जगाची बातमी याच्याच टेबलावरून गेली आणि तो मान हलवत म्हणतोय की स्वतःला ओळखत नाही तो जग कशाला मोजतो. छापखान्यांनी नको इतकी पुस्तकं काढल्याचीही त्याची तक्रार आहे. ती तक्रार त्याने छापील पुस्तकातच केली!

१५०१ मध्ये बाझेल स्विस संघात गेलं. जर्मन साम्राज्यावर निष्ठा असलेला ब्रांट त्याच सुमारास गावी, स्ट्रासबुर्गला परतला. १५०३ साली तो शहराचा मुख्य चिटणीस झाला. पत्रव्यवहार, दफ्तर, खटले, नियम यात पुढची अठरा वर्षं गेली. मधल्या काळात, १५०२ मध्ये, त्याने व्हर्जिल या रोमन कवीचे ग्रंथ दोनशेहून जास्त लाकडी चित्रांसह काढले. १५१४ मध्ये इरॅस्मस स्ट्रासबुर्गला आला तेव्हा ब्रांटला भेटला. तीन वर्षांपूर्वीच इरॅस्मसचं मूर्खपणाची स्तुती करणारं पुस्तक छापून झालं होतं. १० मे १५२१ ला ब्रांट वारला.

एवढं सगळं वाचूनसुद्धा माझा राग पूर्ण गेला नव्हता. दुसऱ्यांना मूर्ख म्हणणं सोपं असतं, आपल्या कॅन्टीनमध्ये ते दिवसभर चालतं. मग मी शेवटाकडे गेले. शेवटच्या प्रकरणात शहाणा माणूस आहे. पण त्याच्या आधीचं, एकशे अकरावं, प्रकरण लेखकाच्या माफीचं आहे. तिथे ब्रांट सांगतो की मीही मूर्खच आहे, ही टोपी काढून टाकायची माझी इच्छा आहे पण ती काही केल्या पूर्ण सुटत नाही. आणि मग मला पहिलं चित्र परत आठवलं. जहाजात ११२ प्रकरणांची गर्दी, पण सगळ्यात पुढे कोणाला बसवलं? जुगाऱ्याला नाही, दारुड्याला नाही, शेतकऱ्याला तर नाहीच. पुस्तकवाल्याला. लिहिणारा स्वतः पुस्तकांचा डॉक्टर, आणि पहिली सीट त्याने आपल्याच जातभाईला दिली.

मला वाटतं त्याच्या सगळ्या शहाणपणाचा सार एवढाच आहे. ज्याला कमी येतं तो मूर्ख नव्हे. ज्याला आपली टोपी दिसत नाही तो मूर्ख. आणि ज्याने आरशात पाहून मान्य केलं की घुंगरं आपल्याच डोक्यावर वाजतायत, तो निदान जहाजातून उतरायच्या पायरीवर तरी आला.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. केटी लागलीय म्हणाले. बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, परीक्षेला अजून दिवस किती आहेत ते मोज. मागून आजीचा आवाज आला, काय झालं गं, आणि बाबांनी तिला सांगितल्यावर तिने तो शब्द मात्र वापरला नाही. का कोण जाणे, मला रडूच आलं.

सेमिनार बरा झाला. सरांनी विचारलं की ड्यूररची एलिप्स नेमकी कुठे चुकली, ते बोर्डवर काढून दाखव. मी काढायला गेले आणि माझंही अंडंच आलं. सगळा वर्ग हसला, सरही हसले. मी खोडलं आणि परत काढली.

सतरा पीडीएफपैकी सोळा डिलीट केल्या. एक ठेवली. तिची दोन प्रकरणं झाली आहेत. आत्ता हे लिहिताना हॉस्टेलच्या खिडकीवर कावळा ओरडतोय. तिसरं प्रकरण उद्यापासून असं मनात आलं होतं. नको, लेख इथेच संपवते.

तृतीय वर्ष, मेकॅनिकल